विदुषी जानकी अम्मल

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्यापासून जवळच, कपिलधार नावाचे क्षेत्र आहे. पावसाळ्यात तेथे कड्यावरून धबधबा कोसळतो. त्याच्या सान्निध्यात संत मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून दिंड्या कपिलधारकडे येत असतात, त्याच सुमारास या परिसरातील पुष्कळ कुटुंबे मात्र गाव सोडून निघालेली असतात. दसरा-दिवाळी सरली की मुकादम टोळ्या जमवतो, बैलगाड्यांवर आणि मालमोटारींवर बिऱ्हाडे चढतात आणि ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडण्यासाठी जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ असेच म्हणतात. पहाटेच्या थंडीत ऊस तोडावा, पाचट काढावे, मोळ्या बांधून गाडीत भराव्यात आणि वाढे बैलांपुढे टाकावे, हाच त्यांचा उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा नित्यक्रम असतो.

ज्या उसावर इतक्या माणसांची भाकरी अवलंबून आहे, तो ऊस निसर्गात आयता सापडलेला नाही. कोयता ज्या कांड्यावर पडतो, त्या कांड्याच्या प्रत्येक सूक्ष्म कणात दोन निराळ्या कुळांचा वारसा एकत्र आलेला आहे. त्या कणांच्या अंतरंगात डोकावून हा वारसा ज्यांनी मोजून पाहिला, अशा शास्त्रज्ञांत मलबारातील एक विदुषी होत्या. त्यांचे नाव डॉ. जानकी अम्मल.

केरळच्या किनाऱ्यावर तेल्लिचेरी, म्हणजे आजचे तलश्शेरी, हे जुने बंदर आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८९७ रोजी जानकीचा जन्म झाला. तिचे पिता दिवाण बहादुर ई. के. कृष्णन हे न्यायखात्यात अधिकारी होते. न्यायाच्या कामातून वेळ मिळाला की ते आपल्या बागेत रमत. कोणते झाड केव्हा फुलले, कोणता पक्षी केव्हा आला, याची टिपणे ते बारकाईने ठेवीत आणि विद्वानांशी पत्रव्यवहार करीत. घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. त्या गजबजाटात झाडांकडे निरखून पाहण्याची पित्याची सवय जानकीने उचलली. पाहिलेले टिपून ठेवण्याची ही शिस्त तिला आयुष्यभर पुरली.

तेल्लिचेरीच्या शाळेतील शिक्षण संपवून ती मद्रासला गेली. क्वीन मेरी महाविद्यालयातून तिने पदवी घेतली आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९२१ साली वनस्पतिशास्त्रात ऑनर्स पदवी संपादन केली. त्या काळी आपल्या देशात शंभर स्त्रियांमागे दोघींनाही धड अक्षरओळख नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते. बहिणींची लग्ने होत होती. जानकीपुढेही तोच मार्ग होता, परंतु तिने विद्येचा मार्ग पत्करला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. काही काळ मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन केल्यावर तिला अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती मिळाली. आशिया खंडातील स्त्रियांना उच्च शिक्षण घेता यावे म्हणून ती ठेवण्यात आली होती.

१९२४ साली जानकी अम्मल समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी उतारूंना कागदपत्रांच्या तपासणीसाठी अडकवून ठेवीत असत. रेशमी साडी नेसलेली, लांब केसांची ही भारतीय तरुणी पाहून तेथील अधिकाऱ्यांना ती कोणी राजकन्याच वाटली आणि त्यांनी तिला सोडून दिले, अशी आठवण सांगतात. जानकी अम्मल यांनी त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही म्हणे! विद्यापीठात मात्र त्यांनी राजकन्येसारखे दिवस घालवले नाहीत. प्राध्यापक बार्टलेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्या दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शक यंत्राशी बसून असत. मध्यंतरी मद्रासला परतून त्यांनी पुन्हा शिकवले, पुन्हा मिशिगनला गेल्या, आणि १९३१ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. वांग्याच्या कुळातील निकँड्रा नावाच्या एका वनस्पतीची गुणसूत्रे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. याच काळात त्यांनी संकराने वांग्याचा एक नवा वाणही तयार केला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले.

गुणसूत्रे म्हणजे काय, हे समजल्यावाचून जानकी अम्मल यांच्या कार्याची ओळख होणार नाही. झाड असो, पाखरू असो वा मनुष्य असो, त्याचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीत एक केंद्रक असते आणि त्या केंद्रकात दोऱ्यासारखी अतिसूक्ष्म गुणसूत्रे असतात. पानाचा आकार, फुलाचा रंग, कांड्याची गोडी, असे सारे गुण पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेण्याचे काम त्यांचे. एरवी ती सहसा वेगवेगळी ओळखू येत नाहीत. पेशी दुभंगून एकीच्या दोन होऊ लागतात, तेव्हा ती आखडून जाड होतात आणि योग्य रंग दिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ मुळाचे कोवळे टोक घेतात, कारण तेथे पेशी सतत वाढत असतात. ते टोक रसायनात बुडवून त्याचे पातळ काप करावयाचे, ते रंगवावयाचे, यंत्राखाली धरावयाचे आणि मग एकेक गुणसूत्र मोजून कागदावर रेखाटावयाचे. एखादे गुणसूत्र दुसऱ्याखाली दडलेले असते, एखादे कापताना निसटलेले असते. म्हणून एका पेशीवर विश्वास न ठेवता अनेक पेशी मोजाव्या लागतात. या कामाला डोळ्यांपेक्षाही धीर अधिक लागतो.

देवळाच्या दाराशी यात्रेकरूंनी काढून ठेवलेल्या वहाणा पाहाव्यात. प्रथम नुसता ढीग दिसतो, पण नीट पाहिले तर प्रत्येक वहाणेचा जोड सापडतो. गुणसूत्रांचेही बहुधा तसेच असते. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड. प्रत्येक जोडातील एक आईकडून आलेले व दुसरे वडिलांकडून आलेले. अर्थात आईचा एक संच आणि वडिलांचा एक संच, असे दोन संच मिळून आपली पेशी पूर्ण होते. पुढच्या पिढीला देताना प्रत्येक जोडातील एकेकच दिले जाते, त्यामुळे संख्या पिढीगणिक वाढत जात नाही.

ही संख्या प्रत्येक जातीची ठरलेली असते. ज्वारीची २०, बाजरीची १४, कांद्याची १६, गाईची ६०, कोंबडीची ७८. कोंबडीची संख्या मनुष्याहून मोठी आहे, यावरून गुणसूत्रे अधिक म्हणजे जीव श्रेष्ठ, असा अर्थ काढता येत नाही, हे सांगावयास नकोच. आपल्या सह्याद्रीच्या रानात भेकर नावाचे लाजाळू हरीण असते. त्याच्या मादीत अवघी ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांत याहून लहान संख्या आढळलेली नाही. उलट नेच्याच्या जातीची एक वीतभरही उंच नसलेली वनस्पती आहे, तिच्या पेशीत १२६० गुणसूत्रे मोजली गेली आहेत! मधमाश्यांचा प्रकार आणखी निराळा. कामकरी माशीत ३२ गुणसूत्रे असतात, पण नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते, म्हणून तिच्यात आईचा एकच संच, म्हणजे १६ असतात.

जोड जमले नाहीत तर काय होते, हे खेचराच्या उदाहरणावरून कळेल. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ आली म्हणजे खेचराची ६३ होतात. ती एकमेकांशी नीट जुळत नाहीत. खेचर ओझे वाहण्यात दोघांनाही मागे टाकते, परंतु सामान्यतः त्याचा वंश पुढे चालत नाही.

वनस्पतींच्या राज्यात मात्र निसर्गाने याहून मोठी मौज केली आहे. तेथे दोनच संच असावेत असा निर्बंध नाही. खपली गव्हाच्या पेशीत सात-सातांचे चार संच, म्हणजे २८ गुणसूत्रे असतात. पोळीच्या नेहमीच्या गव्हात सहा संच, म्हणजे ४२ असतात. जुन्या देशी कापसाची संख्या २६, तर अमेरिकन कापसाची बरोबर दुप्पट, ५२. आपण खातो त्या केळीत अकरा-अकरांचे तीन संच असतात. तिघांची वाटणी दोघांत समान कशी व्हावी? ती होत नाही, म्हणूनच केळ्यात बी धरत नाही आणि केळीची लागण मुनवे लावून करावी लागते. दोनांहून अधिक संच असलेल्या अशा वनस्पतींना बहुगुणित वनस्पती म्हणतात. या बहुगुणितांचे कोडे उलगडण्यात जानकी अम्मल यांचे आयुष्य गेले.

अमेरिकेतून परतल्यावर १९३२ ते १९३४ ही दोन वर्षे त्या त्रिवेंद्रमच्या महाराजांच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक होत्या. १९३४ साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात अनुवंशशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. हे केंद्र १९१२ साली स्थापन झाले होते. कोइमतूरच्या हवेत उसाला तुरा येऊन त्यात सजीव बी धरते, म्हणून ती जागा निवडली होती. शेतकरी ऊस लावतो तो कांड्यांच्या बेण्याने. एका कांडीपासून उगवलेला ऊस तिच्यासारखाच निघतो. नवा वाण हवा असेल तर मात्र दोन वाणांच्या तुऱ्यांचा संकर करून बीच धरावे लागते.

पूर्वी आपल्या देशात पुंड्यासारखा जाड, मऊ आणि रसाळ ऊस होता. खावयास तो उत्तम होता, परंतु नाजूक असल्यामुळे रोग व पाण्याचा ताण त्याला सोसवत नसे. या उलट नदीनाल्यांच्या काठी शरद ऋतूत पांढरे शुभ्र तुरे मिरवणारे काश नावाचे रानगवत. त्यात गोडी नाही म्हटले तरी चालेल, पण काटकपणा विलक्षण. डॉ. बार्बर आणि वेंकटरामन यांनी १९१२ साली कोइमतूरला जाड ऊस आणि काश यांचा संकर केला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. यातील ‘को’ म्हणजे कोइमतूर. पुढे महाराष्ट्राच्या मळ्यांत गाजलेले को ४१९ आणि को ७४०, आणि नंतरचा को ८६०३२, यांच्या नावांतही तोच ‘को’ आहे.

हे वाण जानकी अम्मल यांनी निर्माण केले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ते काम अनेकांनी मिळून केले. जानकी अम्मल यांचे काम निराळे होते. संकर केल्यावर पेशीच्या आत नेमके काय घडले, कोणते गुणसूत्र कोठून आले, हे ओळखून सांगावयाचे. जाड उसात दहा-दहांचे आठ संच, म्हणजे ८० गुणसूत्रे असतात. काशाची गुणसूत्रे सर्वत्र सारखी नसतात. कोठे ती ४०, कोठे ६४, तर कोठे १२८ पर्यंत जातात. कोइमतूरच्या काशात ती ६४ होती. नेहमीच्या हिशेबाने जाड उसाचे अर्धे ४० आणि काशाचे अर्धे ३२ मिळून संकराची संख्या ७२ व्हावयास हवी. परंतु को २०५ मध्ये गुणसूत्रे भरतात ११२! म्हणजे आईने आपला निम्मा वाटा न देता सगळेच्या सगळे ८० मुलाच्या पदरात घातले. जावा बेटातील ब्रेमर या डच शास्त्रज्ञाच्या ध्यानात ही गोष्ट प्रथम आली होती. उसाच्या संकरात पुन्हा गोडी कशी भरून येते, याचे एक रहस्य या औदार्यात आहे. आजच्या कोणत्याही सुधारलेल्या उसाच्या पेशीत शंभर ते एकशेतीसच्या आसपास गुणसूत्रे असतात. बहुतेक गोड उसाची आणि थोडी रानगवताची.

जानकी अम्मल यांनी भारतातील निरनिराळ्या ठिकाणचे काश गोळा करून त्यांची गुणसूत्रे मोजली आणि १९३६ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. या गवताचे मूळ घर भारतच असले पाहिजे, हे सिद्ध होण्यास या गणनेचा उपयोग झाला. त्यांनी उसाचा संकर मक्याशी, तसेच इतर गवतांशीही करून पाहिला. उसाच्या मानाने मक्याची गुणसूत्रे ती किती, अवघी २०. अशा प्रयोगात उगवलेले रोप खरोखर दोघांचे अपत्य आहे की केवळ आईची प्रतिकृती आहे, हे पाने पाहून नेहमी कळत नाही. गुणसूत्रे मोजली म्हणजे संशय उरत नाही. त्या प्रयोगांतून शेतात लावण्याजोगा ऊस निघाला नाही, पण किती दूरच्या गवतांचे रक्त एकमेकांत मिसळू शकते, हे जगाला कळले.

बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेची स्थापना सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली केली. दुसऱ्याच वर्षी तिच्या सदस्यपदी जानकी अम्मल यांची निवड झाली. बाहेर असा गौरव होत असताना कामाच्या ठिकाणी मात्र त्यांची वाट सोपी नव्हती. त्या स्त्री होत्या, एकट्या राहत होत्या, आणि त्यांचा जन्म झाला त्या थिय्या समाजाला तत्कालीन रूढीने खालचे स्थान दिलेले होते. सहकाऱ्यांपैकी काहींना त्यांचा अधिकार मानवत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांना कोणत्याही माणसाची गुणसूत्रे ४६ च दिसतील, अशा विद्वानांनी जात मनात धरावी, हे नवलच म्हटले पाहिजे. पण ते घडले खरे.

१९३९ च्या ऑगस्ट महिन्यात एडिंबरो येथे अनुवंशशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. जानकी अम्मल तिला गेल्या आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग धोक्याचा झाला. लंडनजवळ मर्टन येथे जॉन इन्स यांच्या नावाची प्रसिद्ध उद्यानसंशोधन संस्था होती. तेथे डॉ. डार्लिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाबरोबर त्या १९४० पासून काम करू लागल्या. लंडनवर रात्री-अपरात्री जर्मन विमानांचे बॉम्ब पडत. भोंगा झाला की त्या पलंगाखाली शिरत, सकाळी फुटलेल्या तावदानांच्या काचा झटकत आणि पुन्हा यंत्राशी जाऊन बसत, असे सांगतात. सोबतीला त्यांनी कपोक नावाची एक खार पाळली होती. ती त्यांनी भारतातून लपवून नेली होती, असेही म्हणतात. शास्त्रज्ञांनाही थोडा खोडकरपणा वर्ज्य नसावा!

त्या धामधुमीत जे काम सिद्धीस गेले, ते मात्र खेळकर नव्हते. मनुष्य ज्यांची लागवड करतो अशा जगभरच्या हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या संख्या डार्लिंग्टन आणि जानकी अम्मल यांनी एका ग्रंथात एकत्र आणल्या. हा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. भूगोलाच्या नकाशासंग्रहात देश शोधावा, तशी यात वनस्पती शोधावी. धान्ये, भाज्या, फळझाडे, धाग्याची पिके, फुलझाडे, सगळी त्यात आहेत. नुसत्या आकड्यांचे पुस्तक ते, परंतु वाचता येत असेल तर त्यात मनुष्याच्या प्रवासाचाही इतिहास दिसतो. एखाद्या पिकाचे दोन संच असलेले रानटी आप्त एका देशात आणि चार संचांचे वाण दुसऱ्या देशांत आढळले, तर ते पीक कोठून निघून कोठे गेले, याचा माग लागतो. जगभरच्या संशोधकांच्या हाताशी हा ग्रंथ दीर्घकाळ होता.

युद्ध संपल्यावर विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना आपल्या उद्यानात पेशीतज्ज्ञ म्हणून नेमले. तेथे १९५१ पर्यंत त्यांनी एका अद्‌भुत औषधाचे प्रयोग केले. त्याचे नाव कोल्चिसीन. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची कळलावी असते, तिच्या कंदात आणि बियांतही हे द्रव्य असते. ते अत्यंत विषारी आहे, म्हणून कळलावीच्या वाटेस मुलांनी जाऊ नये. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म तंतूंची एक चौकट उभी राहते आणि ती गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेते. कोल्चिसीन ही चौकटच उभी राहू देत नाही. त्यामुळे गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी मात्र एकच राहते. जे निसर्गात कधी काळी अवचित घडते, ते अशा रीतीने मनुष्याला हवे तेव्हा घडवता येऊ लागले. जानकी अम्मल यांनी मॅग्नोलिया या वृक्षाच्या रोपांवर हे द्रव्य योजले. चाफ्याच्या कुळातील हे झाड. त्या रोपांपासून विस्लीच्या टेकडीवर पांढऱ्या फुलांची झाडे वाढली आणि त्यांतील एका वाणाला जानकी अम्मल हेच नाव देण्यात आले.

स्वतंत्र भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून त्या १९५१ साली स्वदेशी परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० पासून होती, पण ती निस्तेज झाली होती. तिची पुनर्घटना करण्यासाठी १९५२ च्या ऑक्टोबरात त्यांची विशेष अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. पुढे अलाहाबादची मध्यवर्ती वनस्पती प्रयोगशाळा, जम्मूची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि थोडा काळ मुंबईजवळचे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र, अशा ठिकाणी त्यांनी काम केले. हिमालयाच्या थंड व दमट ईशान्य भागात वनस्पतींच्या जाती वायव्येच्या थंड व कोरड्या भागापेक्षा इतक्या अधिक का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेथील बहुगुणित वनस्पतींत शोधले. १९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे, मनुष्याने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावर विद्वानांची मोठी सभा झाली. तीत निमंत्रित झालेल्या त्या एकट्या स्त्री होत्या. भारतातील साध्या लोकांच्या निर्वाहाची रीत त्यांनी तेथे मांडली.

१९७० साली त्या मद्रासला येऊन स्थिर झाल्या. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे काम चालू होते आणि शहराबाहेर मदुरवायल येथील प्रयोगक्षेत्रात त्या औषधी वनस्पती वाढवीत. उत्तरायुष्यात त्या पिवळी साडी नेसत आणि मोजक्या वस्तूंत भागवीत. १९७७ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

याच सुमारास केरळातील पालघाट जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली नावाच्या खोऱ्यावर संकट आले. कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज काढण्याची योजना होती. वीज हवी, हे कोणीच नाकारीत नव्हते. पण त्या धरणाखाली जे रान बुडणार होते, ते पश्चिम घाटातील फार प्राचीन सदाहरित अरण्यांपैकी एक होते. दुर्मीळ सिंहपुच्छ वानरांचे ते घर होते. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ, सामान्य नागरिक योजनेविरुद्ध उभे राहिले. जानकी अम्मल यांनी तेव्हा ऐंशी वर्षे ओलांडली होती. त्यांनी योजनेस विरोध तर केलाच, शिवाय आपले जन्माचे कामही पुढे आणले. त्या खोऱ्यातील वृक्षांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली. रान बुडाले असते तर त्या वृक्षांच्या पेशींत काय दडले होते, हे कोणालाच कधी कळले नसते.

१९८३ साली सरकारने धरणाची योजना सोडून दिली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवायल येथे, आपल्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच जानकी अम्मल यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आले. कुंतीपुळा आजही त्या रानातून धरणावाचून वाहते.